येडगावच्या गाळातले पांढरे कण

लोक जुन्नरकडे शिवनेरी बघायला जातात, लेणी बघायला जातात, नाणेघाटात वारा खायला जातात. मी चिखल बघायला गेले. तोही हौसेने नाही, एका पत्रामुळे. आणि ते पत्र हातात पडल्यापासून परत घरी येईपर्यंत माझं डोकं जे तापलं होतं ते उतरलंच नाही.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पहिल्या तासाचं माझं पहिलं वाक्य वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: ‘जिवाणू नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, म्हणून तर आपण इथे जमलो आहोत.’ मुलं हसत आणि वर्ष सुरू होई. मग १९९९ साली एके सकाळी पेपरात बातमी वाचली. आफ्रिकेत नामिबियाच्या किनाऱ्याजवळ, समुद्राच्या तळाच्या गाळात, नुसत्या डोळ्यांना दिसणारा जिवाणू सापडला होता. छापलेल्या पूर्णविरामाएवढा एकेक, आणि माळेतल्या मोत्यांसारखे ओळीने लागलेले. माझा चहा निवला. इतक्या वर्षांचं वाक्य, तेही कुठल्याशा परक्या समुद्राने खोटं पाडावं!

समुद्र तरी लांब होता. आठ दिवसांनी आलेलं पत्र जवळचं होतं.

‘मॅडम, सादर नमस्कार. बातमी आपण वाचली असेलच. आमच्या येडगावच्या धरणाच्या गाळातले पांढरे कण मी आपल्याला दाखवायला आणले होते. आपण ते बेसिनमध्ये ओतायला लावले. ते अजून इथेच आहेत. येऊन बघावेत. आपली, सुनंदा.’

सुनंदा कोण, हे मला आठवायला वेळ लागला नाही, आणि याचाच जास्त राग आला. आठ-नऊ वर्षांपूर्वीची मुलगी. शेवटच्या बाकावर बसायची, कमी बोलायची. एकदा प्रात्यक्षिकाला जॅमच्या बाटलीत काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ घेऊन आली. म्हणाली, ‘मॅडम, यातले पांढरे कण जिवंत आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली सरकतात.’ मी म्हटलं होतं, ‘वाळू आहे. स्लाइड कलती असेल. ओतून टाक, सगळ्या लॅबला वास सुटलाय.’ वर्ग हसला. पुढे तोंडी परीक्षेत मी विचारलं, जिवाणू डोळ्यांनी दिसतात का? तिने सांगितलं, ‘काही दिसत असावेत.’ मी तिचे गुण कापले. खरं तर त्या दोन्ही दिवशी मला तिच्या धीटपणाचा राग आला होता, उत्तराचा नाही. पण हे कळायला मला येडगावला जावं लागलं.

पत्र आल्यावर मी लायब्ररीत गेले, तिचं म्हणणं खोडायलाच. एका जाडजूड जुन्या ग्रंथात अर्धं पान सापडलं: ॲक्रोमॅशियम. गोड्या पाण्याच्या गाळात राहणारा मोठा जिवाणू, पोटात चुन्याचे खडे आणि गंधकाचे कण भरलेला, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. म्हणजे शास्त्राला तो शंभरेक वर्षं माहीत होता. ग्रंथ आमच्याच लायब्ररीत होता. मागच्या खिशातलं कार्ड कोरं होतं. तो कुणीच कधी घरी नेला नव्हता. मीसुद्धा.

तरी मी ठरवलं, की येडगावला वाळूच असणार.

शनिवार, नारायणगाव ते येडगाव

पुढच्या फेब्रुवारीत निघाले. सोबत कपड्यांची पिशवी, काचेच्या चार बाटल्या आणि लाकडी पेटीतला सूक्ष्मदर्शक. शिवाजीनगर ते नारायणगाव ही पेटी मी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर दोनदा येऊन म्हणाला, ‘बाई, हार्मोनियम खाली ठेवा की.’ मी ती खाली ठेवली नाही आणि हार्मोनियम नाही हेही सांगितलं नाही.

नारायणगावला सुनंदा स्टँडवर उभी होती. चेहरा तोच, फक्त आता तीही शिक्षिका झालेली. आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढच्या एका गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी सकाळची शाळा आटोपून आईकडे येडगावला निघाली होती. तिने वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, ‘अगं, असू दे.’ मग पेटी कवटाळून जीपकडे वळले.

जीप भरलेली होती. आत माणसं, टपावर कांद्याची पोती. ड्रायव्हरने माझ्या हातातून पेटी घेतली आणि मी ‘अहो, जपून’ म्हणेपर्यंत ती टपावर गेलीसुद्धा.

‘काचेचं आहे हो आत!’

‘काय व्हत न्हाई बाई. लाकडाची पेटी हाय, लई मजबूत.’ असं म्हणून त्याने खालून आणखी एक पोतं वर फेकलं. ते कशावर आदळलं ते आवाजावरूनच कळलं.

येडगावात उतरल्यावर पेटी उघडली. आरसा फुटला होता आणि फोकसचा स्क्रू वाकून बसला होता. काही केल्या फिरेना. म्हणजे जिवाणू बघायला आलेल्या बाईजवळ आता बघायचं साधनच नव्हतं. ड्रायव्हरने डोकं खाजवून म्हटलं, ‘नवीन घ्या की बाई, आता जुनं झालं असंल ते.’ मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

सुनंदा शांतपणे म्हणाली, ‘आमच्या शाळेत आहे एक. सोमवारी तिकडे जाऊ. उद्या गाळ काढून ठेवू.’ तिचा हा शांतपणा मला पुढचे दोन दिवस सोसायचा होता.

तिच्या आईने, हिराबाईंनी, दारातच हात जोडले. ‘जय भीम, बाई. या.’ मी घाईने ‘नमस्कार, नमस्कार’ म्हटलं आणि मग वाटलं, आपण उत्तर अर्धवटच दिलं. घर स्वच्छ, शेणाने सारवलेलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या शेजारी, तशाच चौकटीत, तसाच हार घातलेलं सुनंदाचं पदवीचं प्रमाणपत्र. मी जवळ जाऊन वाचलं. द्वितीय श्रेणी. पहिली श्रेणी थोडक्यात हुकली होती हे मला माहीत होतं. निकालाचा कागद माझ्याच हातून गेला होता. एम.एस्सी.ला ती आली नाही, तेव्हा मी ‘ही मुलं टिकत नाहीत’ असं स्टाफरूममध्ये बोललेही होते.

‘आठ-नऊ वर्सांपूर्वीचा कागद हाय, पर रोज पुसते मी,’ हिराबाई म्हणाल्या. मी पाणी मागितलं.

जेवायला बाजरीची भाकरी, वाटीत लालभडक आमटी, आणि ताटात कापलेल्या वड्या. एका टोकाला निमुळत्या.

‘मासवडी हाय. खावा.’

मी ताट किंचित पुढे सरकवलं. ‘मी मासे खात नाही हो.’

हिराबाईंनी आधी माझ्याकडे आणि मग लेकीकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की त्यांना ठसकाच लागला. ‘अवं बाई! बेसनाची वडी हाय ती. आत तीळ, खोबरं, लसूण. मासा कुठनं यायचा त्यात? माशाच्या आकाराची म्हनून मासवडी.’

पुण्याहून अडीच तासांच्या अंतरावर उभा जन्म काढून मला मासवडी माहीत नव्हती. सुनंदा हसली नाही, याचं मला जास्त लागलं. वडी चांगली होती. मी पाच खाल्ल्या. आमटीने मात्र डोळ्यांतून पाणी काढलं, आणि आमच्याकडे सारात गूळ घालतात हे मी सांगितल्यावर हिराबाईंना माझी खरोखर दया आली.

ऊन कलायला लागलं होतं. मी बाटल्या घेऊन उठले. ‘चला, पाण्यावर जाऊन येऊ.’

‘आत्ता न्हाई,’ हिराबाई म्हणाल्या. ‘वाटंत उस हाय. उसात बिबट्या हाय.’

‘खरंच आहे की नुसतं म्हणतात?’

‘म्हागल्या आठवड्यात त्या समोरच्या घरची शेळी नेली त्यानं. तुमी इचारा त्याला खरंच हाय का.’

मी बाटल्या खाली ठेवल्या. शनिवार असा गेला.

रविवार, धरणाच्या कडेला

ऊन चांगलं वर आल्यावर निघालो. मला वाटलं होतं सुनंदा आणि मी. निघाली वरात. तीन बायका, एक पत्र्याचा डबा बडवणारे काका, आणि काठी घेतलेले तात्या. सुनंदाचे चुलते, वय सत्तरीच्या पुढे. उसाच्या कडेने आम्ही ढणढण करत चाललो. बिबट्या असला तरी आमच्या गाजावाजाने सरळ जुन्नरला गेला असेल.

धरणाचं पाणी ओसरायला लागलं होतं. कडेला आधी भेगाळलेली जमीन, मग दाबल्यावर दबणारी, मग नुसता लिबलिबीत गाळ. पलीकडे निळं पाणी, बगळे, लांबवर डोंगरांची रांग. दृश्य सुंदर होतं, पण मला त्याचा आनंद घेता आला नाही, कारण चौथ्या पावलाला माझा डावा पाय घोट्याच्या वर आत गेला आणि बाहेर आला तेव्हा चप्पल आतच राहिली. काकांनी डबा ठेवून हात कोपरापर्यंत घालून चाचपली. नाही सापडली. मी उजवीही काढून फेकली.

सुनंदाने साडी खोचली आणि सरळ आत गेली. तिला कुठे पाय ठेवायचा ते ठाऊक होतं. वाकून तिने चमच्याने वरचा करडा थर हळूच उचलला, खालचा काळा वगळून. तोच वास. माझ्या लॅबचं बेसिन मला एकदम आठवलं.

‘खोल घेतलं तर मिळत नाहीत,’ ती म्हणाली. ‘वरच्या बोटभर थरात असतात. तेव्हाही तिथूनच घेतले होते.’

मी मान डोलावली. चारही बाटल्या भरल्या.

इतका वेळ तात्या काठीवर रेलून बघत होते. ‘बाई, मोजणी हाय का?’

‘नाही हो. गाळ बघायला आलेय.’

‘म्हंजे उंची वाढवनार धरनाची.’

‘नाही. त्याच्याशी माझा काही संबंध नाही.’

‘म्हागं बी असंच म्हनले व्हते. आदी बाटलीत माती नेली, मंग जमीन नेली.’

मी जरा आवाज चढवून सांगितलं, की मी सरकारची माणूस नाही, कॉलेजात शिकवते, आणि या चिखलात जिवाणू आहेत का ते बघायला आले आहे. माणसाने चिडून खरं बोललं की ते खोट्याहून वाईट ठरतं. ‘जिवाणू म्हंजे?’ एका बाईने विचारलं. दुसरीने सांगितलं, ‘किडं. रोगाचं.’

दुपारपर्यंत वस्तीत पसरलं, की पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना पाण्यात किडे सापडलेत. अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. कुणी हंडा उपडा करून आलेलं, कुणी लेकराला कडेवर घेऊन. एका बाईने विचारलं, सकाळपासून पोराला जुलाब होतायत, ते त्यानेच का? तिचा चेहरा बघून माझी चिडचिड जागच्या जागी विझली. ती खरोखर घाबरली होती. मी तिला सांगितलं, पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, उद्याही थांबलं नाही तर दवाखान्यात ने. आणि गाळातला हा जीव कुणाचं काही बिघडवत नाही, गाळातला गंधक खाऊन जगतो.

‘मंग पानी प्यायचं का न्हाई?’ तात्यांनी विचारलं.

‘प्यायचं.’

‘तुमी पिता का?’

सुनंदाने हापशाचं पाणी तांब्यात आणून माझ्यापुढे धरलं. मी उभ्या उभ्या दोन पेले प्याले. पाणी गार आणि चवीला जड होतं. तात्या माझ्याकडे असे बघत होते की मी आत्ताच कोसळेन. मग ते स्वतः एक पेला प्याले आणि म्हणाले, ‘जा रं, भरा हंडं.’ माणसं पांगली.

मी घाम पुसत आत आले. ओट्यावर माझ्या चारही बाटल्या पालथ्या घातलेल्या होत्या. राखेने घासलेल्या, लखलखीत, पाणी निथळत असलेल्या.

‘लई घान व्हती बाई त्यात,’ हिराबाई म्हणाल्या. ‘आता बगा कशा सोच्छ झाल्यात.’

मग मात्र माझा तोल गेला. फुटलेला आरसा, हरवलेली चप्पल, वाया गेलेला शनिवार, डबा, तात्या, सगळं त्या म्हाताऱ्या बाईवर निघालं. ‘विचारायचं तरी! मी काय चिखल खेळायला आले इथे? दोन दिवस फुकट गेले माझे! कुणाला काही किंमतच नाही कशाची!’

हिराबाई ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या.

‘मॅडम,’ सुनंदा म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. ‘आईवर ओरडू नका. तिला वाटलं घाण आहे, म्हणून तिने ओतलं. तुम्ही तर मी सांगूनही ओतायला लावलं होतं.’

बाहेर कुणीतरी हापसा मारत होतं. मी तिथल्या पाटावर बसले. मग हिराबाईंना म्हटलं, ‘मावशी, चुकलं माझं.’

‘आवं, असू द्या,’ त्या म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत लेकीकडे वळल्या. ‘चल गं. अजून ऊन हाय. मला दाव काय पायजे ते, या वक्ताला मी सोता भरून आनते.’

आम्ही तिघी परत गेलो. डबा वाजवायला काका होतेच. या वेळी मी कडेलाच बसले आणि हिराबाई लेकीच्या मागे गाळात उतरल्या. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, ‘यातलं पांडरं तेवडं निवडायचं का?’ सुनंदा हो म्हणाली. ‘मंग तांदूळ रोळतो तसं करू की.’

परातीत थोडा गाळ घेऊन त्यात पाणी घातलं आणि हिराबाईंनी परात दोन्ही हातांत धरून हलवायला सुरुवात केली. गोल नाही, सरळही नाही; एक हलका हिसका, एक झोका. तांदळातले खडे असेच मागे राहतात. हलका काळा गाळ पाण्याबरोबर एका बाजूला जात होता आणि मागे जड ते उरत होतं. दोन-तीनदा पाणी बदललं. अशी सफाई माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या हातात मी पाहिली नव्हती; माझ्या हातात तर नाहीच. शेवटी जे चिमूटभर उरलं ते त्यांनी चमच्याने उचललं आणि आपणहून चुलीमागचा लोखंडी तवा काढून त्याच्यावर पसरलं. ‘काळ्यावर पांडरं दिसंल.’

दिसलं. मला लांबचं दिसत नाही, जवळचं मात्र चष्मा काढला की नीट दिसतं. मी चष्मा काढून नाक तव्याला लागेल इतकी वाकले. काळ्या तव्यावर पाण्याचा पातळ थर, आणि त्यात अगदी बारीक, शुभ्र ठिपके. रव्याहूनही बारीक. कुणी पांढरा खडू एकदाच झटकावा तसे.

‘वाळूही असू शकते,’ मी म्हटलं.

सुनंदाने ते ठिपके थोड्या गाळासकट बाटलीत भरले, झाकण सैल लावलं, आणि बाटली माठाशेजारी गारव्याला ठेवली.

सोमवार, घोडेगावच्या पुढे

नारायणगावहून मंचर, मंचरहून घोडेगाव, तिथून पुढे जीप. पायात हिराबाईंच्या चपला, एक नंबर लहान. बाटली सुनंदाने स्वतःच्या हातात धरली होती; माझ्याकडे तिने ती दिली नाही आणि मी मागितलीही नाही.

शाळा छान होती. डोंगराच्या पायथ्याशी कौलारू इमारत, झाडांना चुना लावलेला. मुख्याध्यापक अदबीने बोलणारे. चहा मागवला, पुण्याची चौकशी केली, आणि सूक्ष्मदर्शकाचं नाव काढताच गंभीर झाले.

‘यंत्र उत्तम स्थितीत आहे, मॅडम. अगदी आलं तसं.’

‘मुलं वापरतात ना?’

‘छे! वापरलं तर उत्तम स्थितीत राहील का?’

सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. चार वर्षं ती फळ्यावर चित्र काढून पेशी शिकवत होती आणि यंत्र शेजारच्या कपाटात होतं. तिने तीनदा अर्ज दिला होता, हे मला नंतर शिपायाकडून कळलं.

कपाटाची किल्ली क्लार्ककडे. क्लार्क रजेवर. बहिणीची हळद, डिंभ्याच्या बाजूला. ‘उद्या येईल,’ मुख्याध्यापक म्हणाले. मी म्हटलं, मी इथे बसते. मधल्या सुट्टीपर्यंत बसले. मुलं खिडकीतून डोकावून जात. शेवटी माझा चेहरा बघूनच असेल, शिपायाला सायकलवर पाठवलं. दोन वाजता क्लार्क मोटरसायकलवर आला. गालाला हळद, कपाळाला अक्षता, आणि नजरेत माझ्याबद्दल काय ते स्पष्ट लिहिलेलं. आधी नोंदवही काढली, त्यात माझी सही घेतली, मग कपाट उघडलं.

यंत्राला अजून प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीला गाठ. गाठ सुनंदानेच सोडली.

खिडकीजवळ टेबल ओढलं. तिने बाटलीतून एक थेंब स्लाइडवर घेतला, वर काचेची चकती ठेवली, आरसा उजेडाकडे वळवला. मी सवयीने पुढे झाले. इतकी वर्षं नळीला आधी डोळा लावायचा तो मी, मग मुलांनी. ती जागची हलली नाही. तिने स्वतः डोळा लावला आणि मी मागे उभी राहिले.

ती बघत राहिली. कितीतरी वेळ. मी टाचा उंचावल्या, चुळबुळ केली, चपला बोचत होत्या. मागे मुख्याध्यापक दर मिनिटाला म्हणत होते, ‘स्क्रू जास्त फिरवू नका हं.’ शेवटी ती सरळ झाली.

‘बघा मॅडम.’

मी बघितलं. अंड्याच्या आकाराचे, खड्यांनी गच्च भरलेले गोळे. एक अगदी मध्यभागी होता. मी स्लाइडकडे पाहिलं, टेबल सपाट होतं. पुन्हा डोळा लावला. तो गोळा अडखळत, एखाद्या जाड माणसाने कूस बदलावी तसा, हळूच लोळला. थांबला. पुन्हा लोळला, उलट्या बाजूला. वाळू अशी परत फिरत नाही.

तरी खात्री करायची होती. शाळेच्या फळीवर पातळ ॲसिडची बाटली होती. सुनंदाने काचेच्या कडेला एक थेंब सोडला. आतल्या चुन्यातून बुडबुडे निघायला लागले. खडे विरघळले. वाळू असती तर काहीच झालं नसतं. नुसता चुना असता तर मागे काही उरलं नसतं. पण मागे तोच अंड्याचा आकार राहिला, आता पारदर्शक, आणि त्याच्या आत गंधकाचे चकाकते कण. एक संपूर्ण जीव. आणि हा जीव काल मी चुलीसमोर तव्यावर, चष्मा काढून, नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता.

मी बराच वेळ डोळा काढला नाही. खरं सांगायचं तर वर बघायची हिंमत होईना.

‘मी तेव्हा बघायला हवं होतं,’ मी शेवटी म्हटलं.

‘हो,’ सुनंदा म्हणाली. ‘पाच मिनिटं लागली असती.’

तिने ‘असू दे मॅडम’ म्हटलं नाही. मी वाट बघत होते ती म्हणेल म्हणून. नाही म्हणाली, ते बरंच झालं.

मग मी लगेच माझ्या नेहमीच्या चाकोरीत शिरले. म्हटलं, बाटली मी पुण्याला नेते, नीट मापं घेते, फोटो काढते, एक टिपण लिहू, नोंद होईल. बोलता बोलता माझा हात बाटलीकडे गेला. तिने ती उचलून फळीवर, मुलांच्या चित्रांशेजारी ठेवली.

‘ही इथेच राहील. उद्या नववीला दाखवायचीय. तुम्हाला हवी तर परत या, गाळ भरपूर आहे.’ आणि मुख्याध्यापकांकडे वळून म्हणाली, ‘सर, कपाटाची किल्ली आजपासून माझ्याकडे राहू द्या.’

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, पुण्याची बाई काहीतरी समजुतीचं बोलेल या आशेने. मी म्हटलं, ‘सर, ज्यांना बघता येतं त्यांच्याकडे किल्ली असलेली बरी.’ क्लार्कला परत हळदीला पोचायचं होतं. त्याने किल्ली जुडग्यातून काढली आणि टेबलावर ठेवली.

मला सोडायला ती घोडेगावच्या स्टँडपर्यंत आली. बस लागलेली होती, कधी सुटेल ते कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, मी या सगळ्याबद्दल कुठेतरी लिहीन म्हणते. माझी एक विद्यार्थिनी येडगावची, तिने कसे हे जिवाणू...

‘मॅडम,’ तिने मला मध्येच थांबवलं. ‘तुमची विद्यार्थिनी म्हणून नका लिहू.’

‘मग काय लिहू?’

‘जे झालं ते लिहा. आणि ज्यांनी केलं त्यांची नावं लिहा.’

बस हलली. ती वळून शाळेच्या रस्त्याला लागली. तिला साडेचारची जीप गाठायची होती.

तर जे झालं ते असं झालं. येडगावच्या गाळातले जिवाणू सुनंदा सखाराम भालेकर यांनी प्रथम पाहिले. ते गाळातून वेगळे हिराबाई सखाराम भालेकर यांनी काढले. मी तिथे होते.